चार ओळींची गाठ

'दंगलीत' हा शब्द जुळवता जुळवता केरबाचा हात थांबला.

"काय झालं, केरबा? माझं अक्षर लागत नाही का?" साहेबरावांनी विचारलं.

"लागतंय की, साहेब."

शहागंजातल्या त्या छापखान्यात केरबा वीस वर्षं अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवत होता. जन्मला मेंढरं राखणाऱ्यांच्या घरात, पण उलटी अक्षरं वाचण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. साहेबरावांचा चिकलठाण्याला पंपाच्या सुट्या भागांचा कारखाना. सहा वर्षांत एका शेडच्या तीन झाल्या होत्या. आता ते दिवंगत धाकट्या भावाच्या, बन्सीच्या नावानं सगळ्या देशासाठी पुरस्कार ठेवत होते. कुठल्याही भाषेतल्या नवख्या लेखकाचं हस्तलिखित निवडायचं आणि त्याचं पुस्तक छापून द्यायचं. केरबा जुळवत होता त्या पत्रकात लिहिलं होतं, 'कुणाचंही पहिलं पुस्तक छापल्यावाचून राहू नये.' अडचण त्याखालच्या ओळीची होती. 'बन्सीच्या कवितांची वही नामांतराच्या दंगलीत नाहीशी झाली.'

वही दंगलीत गेलीच नव्हती. ती केरबाच्या भाकरीला लागली होती.

छापखान्याची रीतच तशी. मजकूर खिळ्यांत बसला की कागद रद्दी. अठ्ठ्याहत्तर साली केरबानं बन्सीनं छापायला दिलेल्या वहीची पानं सुटी करून कविता जुळवल्या आणि त्याच्या बायकोनं, पुतळाबाईनं त्याच पानांत त्याला रोज भाकरी बांधून दिली. मग गाव पेटलं. कर्फ्यू जरा सैल झाला की नामांतर झालंच पाहिजे म्हणणारे पत्रकं छापायला येत, होऊ नये म्हणणारेही येत. छापखान्याचे मालक बडे दिलदार, दोघांनाही नाही म्हणाले नाहीत. खिळे कमी पडले तेव्हा म्हणाले, "सोड त्या कविता." केरबानं खिळे सुटे करून खणांत टाकले. त्याच पंधरवड्यात बन्सी काविळीनं गेला. पुस्तक कुठवर आलं, असं शेवटपर्यंत विचारत होता म्हणे. वही दंगलीत गेली, असंच घरच्यांनी धरलं.

"साहेब, ही वळ म्या जुळवनार नाय," केरबा म्हणाला. "खोटी हाय." आणि त्यानं सगळं सांगून टाकलं.

साहेबरावांचा चेहरा लाल झाला. "सहा वर्षं तोंड उघडलं नाहीत?"

"नाय उघडलं. लई भ्यालो."

साहेबरावांनी पत्रकाचा कागद पुढं ओढला.

"एकही कविता राहिली नाही?"

"जेवताना वाचायचो. येक ध्यानात हाय." केरबानं डोळे मिटले.

"माझ्या नावाची पाटी नको दारावर,
वाऱ्याला काही वाचता येत नाही.
फक्त कडी काढून ठेव, आई,
लाजणाऱ्याला हाक मारता येत नाही."

"आई अजून कडी लावत नाही," साहेबराव म्हणाले आणि रडू लागले. मग त्यांनी ती ओळ खोडली. तिथं त्या चार ओळी आल्या. खाली, कविता जपणारा म्हणून, ते केरबाचं नाव लिहू लागले.

"माझं नाव नगा टाकू, साहेब. येक नेम टाका. लिवनाऱ्यानं येक नक्कल आपल्यापाशी ठिवावी."

तो पुरस्काराचा पहिला नियम झाला.

पत्रकं छापून झाल्यावर मालक म्हणाले, "सोड ते खिळे, लग्नपत्रिका आलीय." केरबानं सगळा मजकूर सोडला. त्या चार ओळी तेवढ्या दोऱ्यानं आवळून त्यानं आपल्या भाकरीच्या डब्याशेजारी ठेवल्या. लग्नपत्रिकेला 'न' कमी पडले, ते तो शेजारच्या छापखान्यातून उसने घेऊन आला.