गवताचा कावळा आणि मी

मी एक जुनी पितळी दौत आहे, मित्रांनो. राजापूरच्या एका तांबटाने मला घडवले आणि १९२४ साली मी रत्नागिरीत हरिश्चंद्रतात्यांच्या मेजावर आले. तात्या मुलांसाठी गोष्टी लिहीत. त्यांच्या गोष्टींत कोणी ना कोणी मरायचे आणि मुले तरीही पोट धरून हसायची. माझ्यात हिरड्याची शाई असे. ती लिहिताना फिकी दिसते, हवा लागली की काळी होते.

१९३१ साली तात्यांची बहीण वारली. तिची आठ वर्षांची राही आमच्याकडे राहायला आली. दहाव्याच्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना. बराच वेळ वाट पाहून भटजींनी दर्भाचा, म्हणजे गवताचा, कावळा केला आणि तोच पिंडाला लावला. घरी येऊन तात्यांच्या बायकोने, येसूमामीने, राहीला सांगितले, "शिवला हो कावळा." पण राहीने कुंपणाआडून सारे पाहिले होते.

तिने जेवण सोडले. दोन दिवस ती नुसत्या पेजेच्या पाण्यावर राहिली.

"दोन घास तरी खा गो!" मामी काकुळतीला आली.

"तुम्ही आईला फसवलंत. तो गवताचा होता."

तात्यांनी मला जवळ ओढले. दुपारभर टाक माझ्यात बुडत राहिला. मग त्यांनी राहीला वाचून दाखवले, "कावळ्याला त्या दिवशी तीन घरची बोलावणी होती. दोन पिंड खाऊन तो माडावर बसला, त्याला उडवेना. त्याने गवताच्या कावळ्याला धाडले. गवताच्या कावळ्याला पोटच नव्हते. त्याने एक शीतही खाल्ले नाही. आईचा भात आईला पुरता पोचला."

"आणि खरा कावळा?"

"अजीर्णाने मेला बिचारा."

"मग त्याच्या दहाव्याला कोण गेलं, मामा?"

"गवताचाच. दुसरं कोण रिकामं होतं?"

राही फिसकन हसली आणि हसता हसता रडू लागली. आई गेल्यापासून ती रडलीच नव्हती. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "मामी, भात उरलाय?"

तात्यांनी ती गोष्ट मुलांच्या एका मासिकाला धाडली, पण मासिकाने ती परत पाठवली. मुलांना असले वाचायला देऊ नये, असे संपादकांनी कळवले.

आता तात्या नाहीत. मी फळीवर कोरडी पडून आहे. मित्रांनो, मला कोणी घासूनपुसून ठेवले नाही तरी चालेल. पण तुमच्या घरात एखादे मूल जेवेनासे झाले, तर त्याची घाईने समजूत घालू नका. त्याने काय पाहिले, ते आधी विचारा.