आतून लावायची कडी

चाळीस वर्षं लोकांच्या न्हाणीघरांत नळ बसवलेल्या माणसाच्या बायकोला स्वतःच्याच घरात अकरा महिने धड आंघोळ मिळू नये, ही गोष्ट नळवाल्यांच्या जिव्हारी लागली होती. अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून तिचा उजवा हात आणि पाय म्हणावं तसं ऐकत नव्हते. न्हाणीघर अरुंद, त्याचा उंबरठा उंच. मग लेकच रोज सकाळी खोलीत ओल्या फडक्याने तिचं अंग पुसून द्यायची. बायको तक्रार करायची नाही, पण तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून घ्यायची. एकदाच म्हणाली होती, "मला एकटीला, दार लावून, डोक्यावरून पाणी घ्यायचंय. बाकी काही नको."

नळवाल्यांनी हे मनावर घेतलं. मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, त्यांनी उतार देऊन फरशी घातली. भोवती पत्र्याचा आडोसा, एक दार, आणि उंबरठा मुळीच नाही. घराच्या छपरावर काळ्या नळीचं भलंमोठं वेटोळं पसरलं. दुपारपर्यंत नळीतलं पाणी उन्हाने तापायचं. ते खाली आणलं, गार पाण्याला जोडलं, वर शॉवर लावला. बसायला स्टूल, डाव्या हाताला धरायची दांडी. शेजारी डोकावून म्हणाले, "काय नळवाले, हॉटेल काढताय की काय?"

कडी मात्र बसवली नाही. लेकीने बजावलं होतं, "बाबा, आतून कडी नको. आई पडली तर दार तोडत बसायचं का?"

पहिल्या दिवशी दुपारी नळवाल्यांनी दोन्ही नळ सोडले, धारेखाली हात धरला आणि छाती फुगवून जाहीर केलं, "एकदम कोमट. ये."

पाणी डाव्या खांद्यावर पडलं मात्र, बायको किंचाळली. खांदा लालभडक झाला. नळवाल्यांनी नळ बंद केला आणि स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिले. इतकी वर्षं तापलेले पाइप धरून त्या हातांचं कातडं झालं होतं. चुलीवरचं उकळतं पातेलं ते फडक्याशिवाय उतरवायचे आणि घरातले त्यावर हसायचे. नेमकं पाणी बघताना हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही, त्यांच्याही नाही.

दोन दिवस आंघोळीचा विषय निघाला नाही. नळवाले घरात चोरासारखे वावरत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भिंतीला शिडी लावली.

"शिडी कशाला?" बायकोने खिडकीतून विचारलं.

"नळी उतरवतो. मला नाही जमलं."

"राहू द्या ती. पाणी मी बघेन. लेक तान्ही होती तेव्हा तिचं पाणी रोज मीच कोपर बुडवून बघायचे. तुम्ही तेव्हा गावभर नळ बसवत होतात." मग जरा थांबून म्हणाली, "आणि दाराला कडी बसवा. आतून."

"अगं, पण लेक..."

"लेकीला मी सांगते. पडले तर हाक मारेन. तोंड शाबूत आहे माझं, विचारा कुणालाही."

नळवाल्यांनी कडी बसवली. डावीकडे, स्टुलावर बसून हात पोचेल इतकी खाली, तेल सोडून मऊ केलेली. बायको काठी टेकत बघायला आली. तिने वाकून कडी निरखली.

"एवढे बारके स्क्रू?"

नळवाल्यांची चोरी पकडली गेली. बाहेरून एक धक्का दिला की कडी निघून यावी, असा त्यांचा बेत होता. "भीती वाटते गं मला," ते म्हणाले. लग्नाच्या इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं.

"मलाही वाटते," ती म्हणाली. "मोठे लावा."

त्यांनी मोठे लावले.

चार वाजता ती आत गेली. कडी सरकल्याचा आवाज आला. नळवाले दाराशी पालथ्या बादलीवर बसले. आत एक नळ सुटला, मग दुसरा. पहिला थोडा बंद झाला, पुन्हा थोडा उघडला. तिचं कोपर आपलं काम करत होतं.

"अहो, गेलात का?"

"नाही. इथेच आहे."

"मग जा. चहा टाका."

ते उठले. स्वयंपाकघरात त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि भिंतीला कान लावला. पलीकडे पाणी पडत होतं, मध्येच अडत होतं, पुन्हा पडत होतं. ती काहीतरी गुणगुणत होती. आधण उतू गेलं तरी त्यांना कळलं नाही. कुणाच्याही घरी नळ वाहताना दिसला की पाहुणचार अर्धा टाकून तो बंद करायला उठणारा हा माणूस. आज मात्र ते पाणी इतक्यात थांबू नये, एवढंच त्याला वाटत होतं.