चार खोल्यांच्या फरश्या

कोटऱ्याच्या नव्या घराचं प्लास्टर संपून फरशीचा विषय निघाला, तेव्हा विनिताचं सगळं ठरलेलं होतं. हॉल पिवळा, स्वयंपाकघर हिरवं, न्हाणीघर लाल आणि लेकीची, स्वरदाची, खोली निळी.

"घर बांधताय की सापशिडीचा पट?" सासूबाई म्हणाल्या. वसुधाबाईंची उभी हयात बरखेड्याला कंपनीच्या क्वार्टरमध्ये गेली होती. स्वतःच्या घरात सगळीकडे दुधी फरशी असावी, एवढीच त्यांची हौस.

या रंगांमागचं कारण मात्र त्यांनाही ठाऊक होतं. पाच वर्षांच्या स्वरदाची नजर वर्षभरापासून अधू होत चालली होती. डॉक्टर म्हणाले होते, घरात ठळक रंग ठेवा, आहे ती नजर वापरू द्या. पण आहे ती किती, हे पोरीकडून कळत नव्हतं. "दिसतंय ना गं?" विचारलं की ती लगेच "हो" म्हणायची. आईला काय ऐकायचंय, ते मुलांना लवकर उमगतं.

म्हणून विनिताने अशोका गार्डनमधल्या दिलीपभाऊंच्या दुकानातून चार नमुने आणले आणि व्हरांड्यात मांडले. रोज दुपारी स्वरदा अनवाणी त्यांवरून चालायची. विनिता मुद्दाम जागा बदलायची. पोर एकदाही चुकली नाही.

"पिवळा. हॉल आला. आजी, पाहुण्यांना चहा आण."

"आणते हो, बाईसाहेब," सासूबाई म्हणायच्या.

"नजर टिकलीय," विनिताने नवऱ्याला सांगितलं. अंबरीशने नुसती मान हलवली, पण त्या दिवशी तो पोटभर जेवला.

शनिवारी थंडी पडली. "पोरीचे पाय गारठलेत," म्हणत सासूबाईंनी स्वरदाला लोकरीचे मोजे चढवले. स्वरदा पहिल्या फरशीवर उभी राहिली आणि गप्प झाली.

"सांग ना, कुठली खोली?"

स्वरदाने अंगठा घासून पाहिला. मग हलक्या आवाजात म्हणाली, "आई, मोजे काढ ना. मग सांगते."

विनिताने चारही फरश्यांवरून हात फिरवला. पिवळी खरखरीत होती, हिरवी गुळगुळीत, लालवर रेघा होत्या, निळीवर बारीक दाणे. आठवडाभर पोर पायांनी वाचत होती आणि विनिता समोर बसून शाबासकी देत होती. सासूबाईंनी नातीचे मोजे उतरवले.

"पिवळा," स्वरदा म्हणाली. "हॉल."

दुसऱ्या दिवशी सासू-सून दोघी दुकानात गेल्या.

"भाभी, पिवळ्याचा एक प्रॉब्लेम झालाय," दिलीपभाऊ म्हणाले. "ही खरखरीतवाली संपली. दीड महिना लागेल. सेम कलर चकचकीत आहे, आजच गाडी पाठवतो."

परवापर्यंत विनिता हो म्हणाली असती. तिने चप्पल काढली, डोळे मिटले आणि चकचकीत फरशीवर पाय ठेवला. मग शेजारच्या हिरव्यावर. कुठे एक संपली आणि कुठे दुसरी सुरू झाली, कळलं नाही.

"ही नको. खरखरीतच पाहिजे. दुसऱ्या रंगात आहे?"

"दुधी आहे ना. हवी तेवढी."

विनिताने सासूबाईंकडे पाहिलं. अखेर त्यांच्या मनासारखं होत होतं. "आई, दुधी घेऊ या. तिला तसंही आता..."

वसुधाबाईंनीही चपला काढल्या होत्या. म्हाताऱ्या पावलाने त्या खरखरीत दुधी फरशी चाचपत होत्या.

"पायाला बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण दुधी नको. दिलीपभाऊ, पिवळी मागवा."

"अहो, दीड महिना, माताजी."

"आम्ही थांबू."

विनिता मनात दिवस मोजायला लागली. दीड महिन्यात पोरीची नजर आणखी किती अधू होईल, हे डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं.

"आई, तोवर तिला पिवळा दिसेल का?"

"ते मला काय माहीत, विनिता." वसुधाबाई वाकून चपलेत पाय घालत होत्या. "दिसला तर दिसेल. आपण आधीच का काढून घ्यायचा?"

विनिताने दिलीपभाऊंना मानेनेच होकार दिला. चप्पल घालायची ती विसरली होती.