फिंटनचे चर

फिंटन जाऊन दोन हिवाळे झाले, तरी त्याची सफरचंदाची सात झाडं काही केल्या जीव धरेनात. त्याच्या आईच्या झाडाची कलमं होती ती. आईचं झाड पुढं वादळात पडलं, म्हणजे आता जे काही उरलं होतं ते या सातांतच. नोरीन, त्याची बायको, रोज सकाळी गमबूट चढवून वर जायची आणि तोंड पाडून खाली यायची.

दहा वर्षं ऑस्ट्रेलियात काढून फिंटन आयर्लंडमधल्या मेयोला परतला, तो तिकडची विद्या घेऊनच. उतारावर आडवे चर खणायचे, खाली बांध घालायचा, पाणी अडवायचं, जिरवायचं, वर पेंढ्याचं जाड आच्छादन. तिकडं आभाळ महिनोन्महिने रुसतं, तिथं ते सोन्यासारखं. पण मेयोत आठवड्याला आठ दिवस पाऊस! इथं पाण्याला वाट दाखवायची असते, बाबा. शेजारचा म्हातारा मॅलकी आजा-पणजासारखे बटाट्याचे उंच वरंबे घालायचा, त्याला फिंटन हसायचा. मॅलकीही कमी नव्हता. "काय रे, बदकं पाळणारेस का?" असं कुंपणावरून विचारायचा.

पेंढा उचलला की खाली गोगलगायीच गोगलगायी. चर काठोकाठ भरलेले. नोरीनला दिसत नव्हतं असं नाही, पण नवऱ्याच्या हातचं ते शेवटचं काम, त्याला फावडं लावायचा तिला धीर होईना. त्याला पुरून आल्यावर आठवड्याभरात वरचा बांध एका टोकाला फुटलेला दिसला, तेव्हा दगड, माती, पेंढा कोंबून रडत रडत तिनंच तो बुजवला होता. एवढं तरी त्याच्यासाठी केलं, असं तिला वाटलं होतं.

मार्चमध्ये एका झाडाची साल हातात सुटून आली. मग मात्र तिनं मॅलकीला बोलावलं.

काठी टेकत तो वर आला आणि बांधाच्या टोकाशी थांबला.

"हे कुणी बुजवलं?"

"मीच. पावसानं फुटलं होतं."

म्हाताऱ्यानं काठीनं ते दगड टोचून पाहिले. "पावसानं नाही गं, नोरीन. जायच्या आदल्या दिवशी माझं जळणाचं पीट कापायचं फावडं नेलं होतं त्यानं. म्हणाला, तुझंच खरं, मॅलकी, पाणी काढून देतो. पण नोरीनला बोलू नकोस, मीच सांगेन. तिच्यापुढं फार फुशारकी मारून झालीय."

"मग तुम्ही तरी सांगायचंत."

"शब्द दिला होता. आणि मला वाटलं, पाणी केव्हाच निघून गेलं असेल. या गुडघ्यांनी मी वर येतो कुठं?"

नोरीननं बाह्या सारल्या आणि आपणच कोंबलेले दगड एकेक करून उपसले. आत फावड्यानं कापलेल्या सरळ कडा जशाच्या तशा होत्या. पाणी आधी झिरपलं, मग धो धो निघालं.

मॅलकीनं पहिल्या झाडाची साल नखानं खरवडली. आत हिरवं नव्हतं. दुसरं तसंच, तिसरंही. चौथं, पाचवं, सहावंही. त्यानं वाचवायला घेतलेली झाडं आपण आपल्या हातानं बुडवली, आणि तीही मायेनं. नोरीन ओल्या बांधावरच बसली.

मॅलकी सातव्याकडं वळला.

"राहू द्या," ती म्हणाली. "ते आज नका बघू."