डावीकडे उघडायची खोड

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझ्यावर एकदा कामाची वस्तू गिळल्याचा आळ आला होता, म्हणून आज तोंड उघडतोय.

कारखान्यात माझे सुटे भाग जुळवले गेले आणि मी एका बाईंच्या टेबलावर आलो. शाळेची पुस्तकं त्या ब्रेलमध्ये, म्हणजे बोटांनी वाचायच्या ठिपक्यांत उतरवतात. तेव्हा मला दोन पडदे होते. उजवीकडे छापील मजकूर, डावीकडे ठिपके. डाव्या पडद्यापाशी बाईंची लेक बसायची आणि मायलेकी ओळन् ओळ ताडून बघायच्या. "हा गडी कधी दगा देत नाही," असं बाई म्हणाल्या की अंगात मांस नसूनही मला मूठभर मांस चढायचं.

मग लेकीला परगावी नोकरी लागली. जाताना तिने डावा पडदा सोबत नेला. मला मात्र कुणी काही सांगितलं नाही.

दुसऱ्याच दिवशी घात झाला. एका अंध मुलीची सोमवारी गणिताची परीक्षा होती. तिच्या पुस्तकाचा शेवटचा धडा दुपारी चारच्या आत छपाईला जायला हवा होता. बाईंनी ठिपक्यांचा प्रोग्राम उघडला. खालच्या पट्टीवर त्याचं चिन्ह उजळलं, पण खिडकी काही दिसेना. बाईंनी दहादा क्लिक केलं, मला दोनदा बंद करून चालू केलं. व्यर्थ.

बाईंचे सासरे चष्मा सावरत आले. "सूनबाई, पलीकडे सरकली असेल," म्हणत त्यांनी पडदा धरून हातभर डावीकडे ओढला आणि मागे डोकावून पाहिलं. मागे धूळ होती. "म्हातारा झालाय हा, खिडकी गिळून बसलाय. काढ भंगारात!" त्यांनी निकाल दिला. चूक माझीच होती, मित्रांनो, पण लबाडी नव्हती.

तीन वाजता बाईंनी लेकीला फोन लावला आणि रडवेल्या आवाजात सगळा प्रकार सांगितला.

"आधी आजोबांना पडदा सोडायला सांग," लेक हसली. "आता खाली प्रोग्रामच्या चिन्हावर क्लिक कर. ऑल्ट दाबून ठेव आणि स्पेस दाब. मग एम. आता उजवा बाण एकदाच दाब आणि माउस हळूच उजवीकडे ने."

डावीकडून ठिपक्यांची खिडकी सरकत सरकत आत आली.

"आली गं! पण होती कुठे?"

"माझ्या पडद्याच्या जागी. त्याला वाटतंय, मी अजून तिथेच बसलेय."

बाई म्हणाल्या, "त्याला काय बोलू? मीसुद्धा सकाळी तुझा चहा टाकला होता."

आजोबांनी खिशातला रुमाल काढून माझ्या पाठीवरची धूळ पुसली.

चारला दहा कमी असताना धडा रवाना झाला. सोमवारी त्या मुलीची बोटं त्यावरून फिरली असतील, या विचाराने मला अजून बरं वाटतं. खिडकी आता समोरच उघडते. नवी जागा मी शिकलो. बाईही शिकल्या, आता चहा मोजून टाकतात. फक्त डावीकडची खुर्ची त्यांनी हलवलेली नाही, कारण लेक सुट्टीत येणार आहे.

तेव्हा मित्रांनो, एखादं जुनं यंत्र किंवा जुनं माणूस भलतीकडेच बघत बसलं, तर त्याला मोडीत काढू नका. तिथे आधी कोण बसायचं, एवढं एकदा विचारा.