तळहाताएवढं स्टिकर

गेर्नोटकाकांच्या टेबलावर मला पहिल्यांदा खटकलं ते स्टिकर.

आमच्या गावच्या नेमबाज मंडळाच्या हॉलमध्ये जुन्या लष्करी वस्तूंचा बाजार भरतो. आजोबांचं वेड म्हणजे जर्मन सैन्याच्या पिस्तुलांची कातडी म्यानं. आई म्हणते, "कुणी तिकिटं जमवतं, कुणी फुलपाखरं, आणि माझे बाबा बघा!" या वर्षी मात्र मी हट्टाने आजोबांबरोबर आले, कारण डोळ्यांत मोतीबिंदू असूनही ते अदलाबदल करायला निघाले होते. त्यांचं ल्युगर पिस्तुलाचं म्यान द्यायचं आणि त्यांच्या जुन्या मित्राकडून, गेर्नोटकाकांकडून, पी-३८ पिस्तुलाचं, दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीचं म्यान घ्यायचं. आजोबांच्या कपाटात तेवढं एकच नव्हतं. ल्युगरचं त्यांना तरुणपणी पाडायला काढलेल्या एका घराच्या माळ्यावर सापडलेलं. त्यांचं सगळ्यात पहिलं. ते गेलं की गेलंच!

तर स्टिकर. म्यानाच्या पाठीवर कारखान्याचं नाव, साल आणि तपासनिसाचा गरुडाचा ठसा दाबलेला असतो. गरुडाच्या पायाशी ते नको असलेलं चिन्ह, नाझींचं स्वस्तिक. ते लोकांसमोर मांडायला आमच्याकडे जर्मनीत कायद्याने बंदी, म्हणून बाजारात सगळे त्यावर कागदी स्टिकर लावतात. नखाएवढं. पंख दिसतात, साल दिसतं, चिन्ह तेवढं झाकलेलं. गेर्नोटकाकांचं स्टिकर तळहाताएवढं होतं. नाव, साल, गरुड, सगळं गायब!

"काका, एवढं मोठं का हो?"

"सावधगिरी, योरिंडे. मागच्या खेपेला पोलीस येऊन गेले ना."

"मग साल कसं कळणार?"

"मी सांगतोय ना! आर्नुल्फ, तुझी नात वकील होणार बघ."

आजोबा हसले. म्यान नाकाशी नेलं, झाकणाची कड अंगठ्याने चाचपली. "चामडं जुनं आहे. शिवण हातची वाटते."

"वाटते म्हणजे?" मी कानाशी पुटपुटले. "तुम्हीच सांगता ना, युद्धानंतर पोलिसांसाठी अगदी याच मापाची म्यानं शिवली गेली? तीही आता जुनीच झाली की!"

"पोरी, याच्या लग्नात साक्षीदार म्हणून सही केलीय मी."

"लग्नाचं नाही विचारत मी. म्यानाचं विचारतेय."

"योरिंडे!"

हा आवाज मी त्यांच्या कपाटाला न विचारता हात लावला की निघतो, तो. मी गप्प बसायला हवं होतं. पण गेर्नोटकाकांकडे पाहिलं, तर ते म्यानाकडे बघतच नव्हते. त्यांचा हात आजोबांच्या पिशवीच्या बंदावर पोचला होता. एवढी घाई कसली? आणि समोरच्या टेबलावरच्या बाईंना त्यांनी दुसरं एक म्यान खुशाल उलटंसुलटं करून दाखवलं होतं. त्यावर नखाएवढंच स्टिकर!

"काका, जरा कोपरा उचलून दाखवा ना. मी आड उभी राहते, कुणाला दिसणार नाही."

"आणि गोंदाबरोबर चामड्याची साल निघाली तर? तू भरून देणार?"

हे खरं होतं. कुठलाही शहाणा संग्राहक बाजारात स्टिकर सोलत नाही. आजोबांनी मान डोलावली आणि पिशवीत हात घातला. ल्युगरचं म्यान टेबलावर आलं.

माझ्या दप्तरात चित्रकलेच्या तासाची मऊ पेन्सिल होती. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून घासायचो ना, तसं! ठसा चामड्यात दाबलेला असतो. वरचा कागद घासला तर तो उमटणारच. सोलायचं नाही, दाखवायचं नाही, कायदा आपल्या जागी. मी पेन्सिल आडवी धरली आणि काका "ए, ए!" करेपर्यंत स्टिकर वरपासून खालपर्यंत घासून काढलं.

काळं झालं. नुसतं काळं. पंख नाही, आकडा नाही, एक अक्षर नाही.

"झिजलाय ठसा," काका म्हणाले. "वापरातली वस्तू आहे, झिजणारच."

"मग झाकलंत काय?"

समोरच्या टेबलावरच्या बाई फिसकन हसल्या. काकांचे कान लाल. "लाज नाही वाटत? पोरीला चोराची झडती घ्यायला आणलंस का, आर्नुल्फ? मग तुझंही घासू दे की! का फक्त माझ्यावरच संशय?"

आजोबा पुढे वाकले. आपलं म्यान उलटं केलं, नखाएवढं स्टिकर माझ्यापुढे सरकवलं. "घास."

पेन्सिल टेकवण्याआधी मी थांबले. आजोबांनी ते तरुणपणी उचललं होतं, आणि तेव्हा त्यांना काय कळत होतं? मी हलकेच घासलं. आधी काहीच नाही. मग एक बारीक कड, मग एक वर्तुळ, आणि त्या वर्तुळाच्या आत तिरकी रेघ. मी तिथेच पेन्सिल उचलली. पुढचं उमटवायची गरज नव्हती. आजोबांनी थुंकी लावून अंगठ्याने ते पुसून टाकलं.

"गेर्नोट, तुला माहीत होतं ना?"

"काय माहीत होतं?"

"माझं खरं आहे, हे. आणि तुझं नाही, हेही."

काकांनी हात झटकले. "मला जसं मिळालं तसं मी देतोय. चल, कॉफी घेऊ. पोरीच्या नादी लागून एवढ्या वर्षांची मैत्री तोडतोस?"

"घेऊ की. आधी ते स्टिकर काढ. चामडं सोललं तर मी भरून देतो."

काकांनी स्टिकरकडे पाहिलं. मग आमच्याकडे. मग म्यान उचलून टेबलाखालच्या खोक्यात टाकलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "या, या, बसा!"

आजोबांनी ल्युगरचं म्यान स्वेटरच्या आत, छातीशी धरलं. बाहेर सॉसेज भाजत होते, त्या धुरात ते थांबले.

"कपाटातली बाकीची अकरा," ते म्हणाले, "त्यातली निम्मी त्याच्याकडूनच घेतलीयेत."

मी दप्तर खांद्यावर चढवलं.

"पेन्सिल आणलीस ना बरोबर?"