थोरल्या जावेची ओटी

गुरुवारचा तीनचा खेळ शेवटचा होता. शुक्रवारपासून मोठा पिक्चर लागणार होता, कोटींची कमाई करून आलेला. त्याचं पोस्टर वर चढलंही होतं. उतरवायच्या पोस्टरवर बक्षिसं सोनेरी अक्षरांत मिरवत होती : दिग्दर्शनाला, छायाचित्रणाला, नायिकेला. महेश्वरीचं नाव नामांकनातसुद्धा नव्हतं. सिनेमात ती विधवा थोरली जाऊ झाली होती. बक्षिसाचं तिनं सोडून दिलं होतं. पण आपल्याच सोलापुरातून आपलं काम आठवड्यात उतरावं, हे कुसळासारखं सलत होतं.

"अप्पा, एक खेळ तरी ठेवा," ती थिएटरचे मालक शिवलिंगप्पांना म्हणाली होती.

"ठेवतो की पोरी. पण रिकाम्या खुर्च्यांना पिक्चर दाखवू काय? आज हॉल भरू दे, मग बोल."

तीनच्या सुमारास दारात गलका झाला. मोहोळहून टेम्पो भरभरून बायका आल्या होत्या, आणि रखवालदारानं त्यांच्या पिशव्या अडवल्या होत्या.

"नारळ चालत नाही. बाहेरचं खाणं आत बंद आहे."

"खायाला कोण आणतंय?" पुढची बजाबाई म्हणाली. बाजाराला आली असताना तिनं हा सिनेमा पाहिला होता आणि गावभर सांगितला होता. "ओटी भरायची हाय."

"कुणाची?"

"आत हाय की ती. लग्नात समद्यांची ओटी भरली, न् थोरलीला नुसतं ताट धराय लावलं. रोज हितंच हुबा असतोस, तुला दिसलं न्हाय व्हय रं?"

"सोड त्यांना," शिवलिंगप्पा मागून म्हणाले.

हॉल भरला, पायऱ्याही भरल्या. महेश्वरी भिंतीला टेकून उभी राहिली. लग्नाचा प्रसंग आला. पडद्यावर थोरली दाराशी उभी, हातात ताट, ओठ मिटलेले. बजाबाई उठली. तिच्यामागं एकेक बाई उठली. पडद्याचा उजेड लुगड्यांवर सांडत राहिला आणि पडद्याच्या पायाशी खण, नारळ, तांदूळ साठत गेले.

"विधवेची ओटी भरत्यात व्हय?" अंधारात कुणी पुटपुटलं.

"मीबी तसलीच हाय," बजाबाई म्हणाली. "कुणी भरली न्हाय, म्हणून तर आले."

महेश्वरीला राहवेना. ती पुढं आली. बजाबाईनं एकदा पडद्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं.

"तूच व्हय गं? नाव काय तुजं?"

"होय, मावशी. महेश्वरी."

"मग हुबी काय ऱ्हायलीस? पदर धर. न्हाय पदर? ओढणी धर."

ओढणी जड होत गेली, आणि बजाबाईनं ओवी धरली :

बक्षिसाची बाई ताटं, गेली मोठ्यांच्या दारी,
महेश्वरी लेक माजी, मोहोळाच्या घरोघरी.

"तेवढं परत लावा की," मागून आवाज आला. ऑपरेटरनं मालकाला न विचारताच तो प्रसंग पुन्हा लावला.

शिवलिंगप्पा बाहेर फोनवर होते. "पिक्चर उतरत नाही," ते वितरकाला सांगत होते. "तीनचा खेळ हिचाच. तुमचा कोटीवाला? बघू, सकाळी नऊला बसवतो कुठंतरी."